काकूंचं गुप्त मतदान

ग्लासगोत मी पाच वर्षं ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर राहिले, त्या घरमालकीणबाईंना पहिल्या दिवशी मी 'आंटी' म्हणाले. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "नाशिकची ना तू? मग आंटी कुठून आणलीस? काकू म्हण." तेव्हापासून त्या काकू. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना खपणार नाही, आणि त्यांना एखादी गोष्ट खपली नाही की काय होतं ते मी जवळून पाहिलेलं आहे.

काकू मूळच्या मिरजेच्या. लग्न करून डॉक्टरांबरोबर इकडे आल्या, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. उंची बेताची, अंगावर साडी, साडीवर कार्डिगन, कार्डिगनवर पावसाचा कोट आणि पायात डोंगर चढायचे बूट. बोलणं मिरजेचंच, फक्त मधेमधे इथले शब्द शिरलेले. चहात साखर किती विचारलं तर "एक वी चमचा" म्हणायच्या. वी म्हणजे इथल्या लोकांचं एवढंसं. काकूंचा वी चमचा प्रत्यक्षात चांगला शिगोशीग असे, ते सोडा.

नोकरी त्यांनी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड ऑफिसात केली. अख्ख्या शहराची दुखणी फायलींत लावता लावता त्यांना दोन सवयी लागल्या असाव्यात. कागद टाकायचा नाही आणि कुणाचं काही बाहेर बोलायचं नाही.

कागदावरून आठवलं. काकू कुठलाही कागद कोरा सुरू करत नसत. वर मधोमध श्री, त्याखाली दोन रेघा, पहिली लांब आणि दुसरी आखूड, आणि मग मजकूर. पत्रावर श्री घालणारी माणसं मी आजोळी पाहिली होती, पण काकू वाणसामानाच्या यादीवर घालत. फ्रीझरमधल्या डब्याच्या चिठ्ठीवर आधी श्री, मग मटार. कुठल्या आठवड्यात कुठला कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा याचं छापील वेळापत्रक कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, यायचं, त्याच्याही डोक्यावर श्री. पेपरातलं शब्दकोडं इंग्रजी, पण सोडवायच्या आधी वर श्री.

"काकू, कचऱ्याच्या वेळापत्रकाला कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"उघड्याबोडक्या कागदावर माझा हात चालत नाही," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांची असताना आईने पाटीवर शिकवलं. आता ऐंशीव्या वर्षी सोडू होय?"

आणि हे सगळं पेन्सिलीने. पेनाशी त्यांचं कधी जमलं नाही. पेन्सिल मऊ, जाड, काळीभोर उमटणारी, टोक सुरीने काढलेलं. ती त्यांच्या पर्समध्ये कायम असायची.

दुसरा नाद निवडणुकांचा. स्कॉटलंड हा एवढासा देश, माणसं आमच्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही कमी, पण निवडणुकांना तोटा नाही. एडिनबरोच्या पार्लमेंटची वेगळी, लंडनच्या पार्लमेंटची वेगळी, कौन्सिलची वेगळी, आणि प्रत्येकीत मत द्यायची तऱ्हा निराळी. कुठे एका कागदावर एक फुली, कुठे दोन कागदांवर दोन, कुठे फुली चालतच नाही, पसंतीप्रमाणे आकडे घालायचे. लंडनच्या निवडणुकीला ओळखपत्र दाखवावं लागतं, एडिनबरोच्या निवडणुकीला लागत नाही. काकूंना हे सगळं तोंडपाठ होतं. शेजारचे जन्माने स्कॉटिश आजोबा मतदानाच्या आदल्या दिवशी कुंपणाशी येऊन काकूंना विचारून जायचे की उद्या फुली मारायची की आकडे घालायचे.

प्रत्येक पक्षाची एक फाईल होती आणि फाईलवर अर्थातच श्री होता. दारात टाकलेलं प्रत्येक पत्रक तारीख घालून आत जायचं. मग निवडणुकीच्या आधी प्रचाराला कुणी आलं, कुठल्याही पक्षाचं असो, की काकू त्याला घरात बोलवायच्या. बाहेर बहुतेक पाऊस असायचा, त्यामुळे माणूस यायचाच. सोफ्यावर बसवायचं, चिवड्याची वाटी हातात द्यायची, आणि तोंड भरलं की फाईल काढायची.

"गेल्या खेपेला तुम्ही लिहिलं होतं, टेकडीवरची बस रविवारीही सुरू करू," काकू पत्रकावर बोट ठेवून विचारायच्या. "परवाच्या रविवारी मी स्टॉपवर उभी होते. बस काही आली नाही. कुठे अडकली असेल?"

समोरचा माणूस चिवडा गिळायचा. मग बजेट, करार, बसकंपनी असं काहीतरी सांगायचा, आणि काकू अगदी सहानुभूतीने मान डोलवायच्या. जाताना तो भीतभीत विचारायचाच, की मग आम्ही तुमच्या मतावर भरवसा ठेवायचा का.

"आणखी चिवडा घ्या," काकू म्हणायच्या.

माझी खात्री आहे की सगळ्या पक्षांच्या याद्यांत काकू 'आपल्या' म्हणून नोंदलेल्या होत्या. कुणाला मत देतात हे त्यांनी कधीच कुणाला सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे किती, तर डॉक्टरांनाही नाही. आणि डॉक्टरांनी त्यांना नाही. दोघं एकाच छत्रीतून मतदानाला जायची, वेगवेगळ्या आडोशांत शिरायची आणि येताना भाजी घेऊन यायची. चाळीस वर्षं हा नेम चालला.

एका रविवारी मटार सोलताना त्यांनी मला याचा शेवट सांगितला. डॉक्टर शेवटच्या दुखण्यात हॉस्पिटलमध्ये होते. एक दिवस म्हणाले, "ये इकडे, आता सांगून टाकतो तुला, मी कुणाला मत देत होतो ते."

"मग?"

"म्हटलं, नको. बरे होऊन घरी या, मग बघू." काकूंनी एक शेंग उघडली, दाणे भांड्यात पाडले. "ते काही घरी आले नाहीत. राहिलंच मग ते."

मी पुढची शेंग उचलली. तर त्याच पुढे म्हणाल्या, "मला माहीत होतं म्हणा. चाळीस वर्षं संसार केला, एवढं कळायचं नाही?"

"मग त्यांनाही तुमचं माहीत असेल, काकू."

"छे. त्यांना कुठलं कळतंय," काकू म्हणाल्या, आणि त्या एका वाक्यात मला त्यांचा सगळा संसार दिसला.

मत देण्याचं वेड मला लावलं ते त्यांनीच. मी एका बँकेत सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला आलेली, व्हिसावरची. आपल्याला कशाला मत असेल, असं धरून चालले होते. भारतासारख्या राष्ट्रकुलातल्या देशांतून रीतसर आलेल्यांनाही मत असतं, हा नियम काकूंनी काढून दाखवला, फॉर्म भरायला लावला, आणि वर बजावलं, "तुझ्या त्या बँकेत रोज बग शोधतेस ना? मग इथेही शोध." एडिनबरोच्या पार्लमेंटची निवडणूक आली तेव्हा आम्ही दोघी निघालो. मतदान केंद्र म्हणजे टेकडीवरची प्राथमिक शाळा. काकूंचा गुडघा तेव्हा बरा नव्हता. आदल्या दिवशी लंडनमधल्या एजवेअरहून त्यांच्या मुलाचा फोन आला होता. तो इथेच जन्मलेला, त्याचं मराठी त्याच्या सोयीचं.

"आई, तू पोस्टल व्होट का नाही घेतो? हिलवर चालून तुझी गुडघा अजून बॅड होणार."

"तुझा गुडघा, बाळा. गुडघा तो असतो," काकू म्हणाल्या. "आणि मत पेटीत टाकायचं असतं. पोस्टाने राखी पाठवतात."

चढ चढायला आम्हाला अर्धा तास लागला. मी आत गेले, दोन कागदांवर दोन फुल्या मारल्या आणि बाहेर येऊन उभी राहिले. काकू आडोशात बराच वेळ होत्या. बाहेर आल्या त्या पेन्सिल पर्समध्ये ठेवत. केंद्रावरच्या पेन्सिलीवर त्यांचा विश्वास नव्हता, टोक बोथट असतं म्हणायच्या. तेव्हा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, मी मतमोजणीला गेले. तेही काकूंमुळेच. मोजायला माणसं हवी आहेत अशी जाहिरात त्यांनी मला कापून दिली होती. "मत दिलंस, आता मोजून बघ. रजा काढ," म्हणाल्या. मी काढली.

मोठा क्रीडागृहाचा हॉल, त्यात लांबच लांब टेबलं. टेबलाच्या अलीकडे आम्ही मोजणारे, पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी, छातीवर आपापल्या रंगाचं रिबिनीचं फूल लावून आमच्या हातांवर डोळे रोखून उभे. सुरुवातीला एका कागदावर सही करावी लागली होती. इथे कुठल्या मतपत्रिकेबद्दल जे काही कळेल ते बाहेर कुणाला सांगणार नाही, असा त्यात मजकूर होता. मी न वाचताच सही करणार होते, पण काकूंच्या घरी राहून कागद वाचायची सवय लागली होती.

अकराच्या सुमाराला एक गठ्ठा माझ्यापुढे आला. फिकट जांभळे कागद, त्यावर बारीक, घाईच्या, फिक्या फुल्या. एक, दोन, दहा, वीस. आणि मग हातात तो कागद आला. वर मधोमध श्री. खाली दोन रेघा, पहिली लांब आणि दुसरी आखूड. आणि त्याखाली, एका नावापुढे, नेटकी काळीभोर फुली.

नजर वळवायला हवी होती. पण नजर आधी जाते आणि अक्कल नंतर येते. चाळीस वर्षांत डॉक्टरांना जे सांगितलं नाही ते मला एका क्षणात कळलं होतं, आणि मला नाशिकहून येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मला फार ओशाळं वाटलं. कुणाचं तरी कपाट चुकून उघडलं जावं, तसं.

"थांबा. ते वर काय लिहिलंय?" टेबलापलीकडचे एक गृहस्थ म्हणाले. त्यांच्या फुलाचा रंग सांगत नाही, नाहीतर तुम्ही लगेच उलटा तर्क कराल. एवढंच सांगते की महिन्यापूर्वी त्यांनी काकूंच्या सोफ्यावर बसून दोन वाट्या चिवडा खाल्ला होता आणि दुसरी वाटी मी आणून दिली होती. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला ओळखलं नाही.

कागद शंकेच्या ट्रेमध्ये गेला. शंकेच्या कागदांचा निवाडा करायला एक प्रमुख बाई होत्या, गळ्यात साखळीला चष्मा अडकवलेल्या. आमच्या भागात दोन उमेदवारांत चुरस होईल असा सगळ्यांचा अंदाज होता, त्यामुळे एकेका कागदावर वाद चालला होता. आमच्याच टेबलाच्या टोकाशी त्या उभ्या राहिल्या. नियम सरळ होता. मतदार कोण ते ओळखू येईल असं काही कागदावर लिहिलेलं असलं, की मत बाद.

"ही सही आहे," चिवडेवाले गृहस्थ म्हणाले. "दुसऱ्या भाषेतली सही. बाद करा."

"सही कशावरून? पोरखेळ असेल," दुसऱ्या पक्षाची मुलगी म्हणाली.

"हे कुणाला वाचता येतं?" प्रमुख बाईंनी विचारलं, आणि आमच्या सुपरवायझरने माझ्याकडे बोट दाखवलं.

मी उभी राहिले. ज्या बाईने एकही मत चुकवलं नाही, दुखरा गुडघा घेऊन जी टेकडी चढली, तिचं मत माझ्या दोन वाक्यांवर आलं होतं.

"हे नाव आहे का?"

"नाही."

"सही?"

"नाही. आमच्याकडे कागदावर काहीही लिहायच्या आधी हे लिहितात. शुभ म्हणून. माझी आजी लिहायची, आमच्या शाळेतल्या बाई लिहायच्या, किराणा दुकानदार लिहितो. कोट्यवधी लोक लिहितात."

"या वस्तीत कोट्यवधी राहत नाहीत," चिवडेवाले म्हणाले, आणि ते खरंच होतं.

प्रमुख बाईंनी चष्मा चढवला, कागद जरा वेळ पाहिला. मग त्यांनाच विचारलं, "यावरून मतदार कोण ते तुम्हाला सांगता येईल?"

"मला नाही."

"तुम्हाला?"

"मलाही नाही," मुलगी म्हणाली.

बाईंची नजर माझ्यावरून गेली. मला त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय बोलले असते, हे मी नंतर पुष्कळदा मनाशी घोळवून पाहिलं, आणि दर वेळी उत्तर वेगळं येतं.

"फुली स्पष्ट आहे, नाव नाही," त्या म्हणाल्या. "मत धरा."

काकूंनी दुसऱ्या कागदावरही, तो पीच रंगाचा, श्री घातलाच असणार. तो कुठल्या टेबलावर गेला, तिथे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. मी दिवसभर त्या दुसऱ्या कागदाची काळजी करत मोजत राहिले. आमच्या भागाचा निकाल एका मताने लागला नाही, चांगल्या अंतराने लागला, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी आठला घरी आले तरी बाहेर इथल्या मे महिन्यातला लख्ख उजेड होता. काकूंनी उपमा केला होता. समोर बसून त्यांनी सगळं विचारून घेतलं, टेबलं किती, माणसं किती, चहा दिला का. आणि माझ्यापुढे मोठाच पेच होता. सांगावं तर त्यांचं गुपित मला कळलं हे त्यांना कळणार. न सांगावं तर पुढच्या खेपेला असाच श्री घालणार, आणि पुढच्या खेपेला कुणी कडक अधिकारी असला तर मत जाणार, तेही त्यांच्या नकळत. मला ते सहन झालं नसतं.

"आज एका मतपत्रिकेवर वर काहीतरी लिहिलेलं होतं," मी उपम्याकडे बघत म्हणाले. "फार वाद झाला. खूण असली की मत बाद होऊ शकतं म्हणे."

काकूंचा चमचा थांबला. "मग?"

"धरलं ते."

"हं." त्यांनी माझ्या बशीत आणखी उपमा वाढला. मग विचारलं, "कुणाचं होतं ते?"

"ते कसं कळणार, काकू? मतपत्रिकेवर नाव कुठे असतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं, चष्म्याच्या वरून. मी उपमा खात राहिले. "लिंबू पिळून देऊ का वी?" त्या म्हणाल्या, आणि तो विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

त्यानंतरची निवडणूक लंडनच्या पार्लमेंटची. सकाळी काकूंनी माझ्याकडे बॉलपेन मागितलं. मला नवल वाटलं, पण मी दिलं, आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. मग कोट, बूट, छत्री, आणि आम्ही चढ चढायला लागलो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे या वेळी मागे मी राहत होते.

दारातल्या कारकून बाई काकूंना वीस वर्षं ओळखणाऱ्या. त्यांनी अगदी ओशाळून ओळखपत्र मागितलं.

"दिवाळीला माझ्याकडे येऊन जेवलीस, आणि आता विचारतेस मी कोण?" काकू म्हणाल्या. मग ज्येष्ठांचा बसचा पास काढून पुढे केला. "घे. रविवारी याच्यावर बस मिळत नाही, पण खासदार मिळतो."

आडोशातून त्या लवकर बाहेर आल्या. फाटकाशी थांबून इकडेतिकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "कोरा टाकला गं कागद."

"म्हणजे मत नाही दिलंत?"

"मत दिलं. वर काही घातलं नाही."

"मग हात कसा चालला?"

काकूंनी डाव्या हाताचा मोजा काढला आणि तळवा माझ्यासमोर धरला. माझ्या बॉलपेनने काढलेला निळा श्री, खाली दोन रेघा, पहिली लांब, दुसरी आखूड. मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही लपवायला छत्री हवी होती, तर ती त्यांच्या काखेत.

त्यांनी मोजा पुन्हा चढवला, एकेक बोट नीट बसवलं, आणि उताराला लागता लागता म्हणाल्या, "आता ओळखून दाखव."